मुंबईच्या विमानतळावरून मेट्रोने गिरगावात यायचं असेल तर

आधी विमानाच्या तिकिटावर टर्मिनलचा आकडा बघा. १ आहे की २. एवढं ठासून सांगते, कारण मी तो बघितला नव्हता.

ताई नागपूरहून येणार होती, दुपारच्या विमानाने. मी गिरगावातल्या ठाकुरद्वारची. आमच्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसलेलं की देशातलं विमान म्हणजे सांताक्रूझ आणि परदेशातलं म्हणजे सहार. म्हणून गिरगाव स्टेशनात खिडकीवर जाऊन ऐटीत म्हटलं, “एक सांताक्रूझ द्या.” खिडकीतली मुलगी भली होती. तिने विचारलं, “आजी, एअरपोर्टला जायचंय का?” मी हो म्हटलं. “मग टी-वन की टी-टू?” मी पुन्हा तेच ज्ञान पाजळलं, देशातलं विमान आहे, म्हणजे टी-वन. टी-वनचं तिकीट घेऊन गेले आणि अर्धा तास तिथल्या दारात माणसं न्याहाळत उभी राहिले. मग फोन. “काऊन गं, कुठी आहेस तू?” ताई लग्न होऊन नागपूरला गेली त्याला चाळीस वर्षं झाली, आता चिडली की तिकडचीच होते. ती टी-टूला उतरली होती. देशातली पुष्कळ विमानंही टी-टूला उतरतात, हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं.

तर या मेट्रो ३ वर, म्हणजे अ‍ॅक्वा लाइनवर, आरेकडून कफ परेडकडे येताना स्टेशनांचा क्रम असा लागतो: मरोळ नाका, विमानतळ टी-२, सहार रोड, विमानतळ टी-१, सांताक्रूझ. पाचांतली दोनच विमानतळाची. सहार रोड नावाचं स्टेशन आंतरराष्ट्रीय विमानतळाचं नाही आणि सांताक्रूझ नावाचं देशांतर्गत विमानतळाचं नाही. जुन्या मुंबईकरांनी हे पाठच करावं. चुकलात तर माझ्यासारखं गेटबाहेर पडून, पुन्हा तिकीट काढून, दोन स्टेशनं उलटं जावं लागेल. पैसे फार जात नाहीत. पण ताईचं तोंड बघवत नाही.

आता तिकीट. भाडं १० रुपयांपासून सुरू होतं, आणि आरेपासून कफ परेडपर्यंत अख्खी लाइन गेलात तर ७० रुपये. विमानतळावरून गिरगावला टॅक्सीने येणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

फोनवरून काढणार असाल तर ‘मेट्रोकनेक्ट३’ हे या लाइनचं अ‍ॅप. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ आलं, त्यात बाकीच्या मेट्रो, लोकल आणि बेस्टही आहेत. अ‍ॅप घरच्या वायफायवर घालून ठेवा. परगावहून कोणी येणार असेल तर त्यालाही आदल्या रात्रीच सांगा. आणि तिकीट काढायचं ते रस्त्यावर किंवा टर्मिनलमध्येच, सरकत्या जिन्यावर पाय ठेवायच्या आधी. ही लाइन सुरू झाली तेव्हा भुयारात मोबाइलला रेंज नव्हती. माणसं तिकीट हॉलमध्ये फोन डोक्यावर धरून फिरत होती, यूपीआयचं चक्र गरगरतंय आणि मागे रांग वाढतेय. स्टेशनात वायफाय ठेवलं होतं, पण त्यातही शिरायचं म्हणजे आधी नंबर घाला, मग ओटीपीची वाट बघा. परदेशातून आलेल्या माणसाकडे इथलं सिमच नसतं, त्याचा ओटीपी कुठे येणार? त्याच्या खिशात शंभराच्या दोन नोटा असू द्या. खिडकीवर कागदी तिकीट मिळतं, आणि त्याला रेंज लागत नाही.

पण त्या कागदी तिकिटाची घडी घालू नका. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लोकलची सवय, तिकीट घेतलं की चार घड्या आणि बटव्यात सुट्या पैशांखाली. उतरताना बाहेर पडायला तेच तिकीट गेटवरच्या काचेवर धरावं लागतं, हे तेव्हा लक्षात आलं. त्यावर छापलेल्या चौकोनी नक्षीवरून, म्हणजे क्यूआर कोडवरून, बरोब्बर मधोमध घडी गेलेली. धरलं, गेट ढिम्म. फिरवून धरलं, तरी ढिम्म. पदराने पुसलं, मांडीवर घासून सरळ केलं. शेवटी बाजूचा शिपाई आला, दोन अंगठ्यांनी कडा ताणून काचेवर सपाट दाबून धरलं, तेव्हा कुठे पंख उघडले. तेव्हापासून मी तिकीट चष्म्याच्या डबीत ठेवते. नेहमी जाणारे असाल तर एनसीएमसीचं, म्हणजे मेट्रोला-बसला सगळीकडे चालणारं, कार्ड करून घ्या, ही झंझटच नको.

तुमच्या पाहुण्याने इंटरनेटवर आधीच वाचून ठेवलं असेल, तर ते कधीचं आहे हे विचारा. माझ्या भाच्याने जर्मनीहून मलाच समजावलं होतं, “मावशी, ती मेट्रो बीकेसीपर्यंतच, म्हणजे वांद्र्यापर्यंतच आहे, पुढे टॅक्सी लागेल.” तो खोटं बोलत नव्हता. त्याने २०२४ मधलं वाचलं होतं. ही लाइन एकदम उघडलीच नाही, तीन तुकड्यांत उघडली. आरे ते बीकेसी ७ ऑक्टोबर २०२४ ला, पुढे वरळीत आचार्य अत्रे चौकापर्यंत १० मे २०२५ ला, आणि आमच्या गिरगावसकट कफ परेडपर्यंतचा भाग ९ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे वर्षभर विमानतळाला मेट्रो होती, पण दक्षिण मुंबईतल्या माणसाला ती अर्ध्या वाटेवर सोडत होती. त्या काळात लिहिलेले सगळे सल्ले आता चुकीचे आहेत.

उशीर का झाला, हे आम्हा गिरगावकरांना विचारावं. भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये. मग जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर पत्रे लागले ते लागलेच. डिसेंबर २०२१ मध्ये गाड्या धावणार असं सांगितलं होतं. त्या तारखेला आमच्या खिडकीसमोर क्रेन होती. खणण्यात वेळ गेलाच, पण कारशेड, म्हणजे गाड्या ठेवायची जागा, कुठे बांधायची यात त्याहून जास्त गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिच्यासाठी आरेच्या जंगलात रातोरात झाडं कापली. सरकार बदललं, कामाला स्थगिती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, तिथल्या जमिनीवरून केंद्र आणि राज्य भांडले, डिसेंबरात हायकोर्टाने काम थांबवलं. २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदललं आणि कारशेड परत आरेत. मला झाडांचंही वाईट वाटलं आणि गाडी आली नाही याचंही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं. तेवढ्यात खर्च २३,१३६ कोटींवरून ३७ हजार कोटींच्या वर गेला. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं.

असो. टी-टूवरून निघताना एवढं करा. बाहेर आलात की टॅक्सीवाले घेरतील, त्यांच्यातून वाट काढून मेट्रोच्या पाट्या धरा. थोडं चालायचं आहे, म्हणून चाकांची बॅग बरी. स्टेशनात शिरताना बॅग तपासणीच्या यंत्रात घालावी लागते. ताईचा संत्र्यांचा खोका त्यातून गेला, पोलीसबाईंनी हसून विचारलं, “नागपूर?” एवढंच. फलाटावर मात्र दिशा बघा: आमच्याकडे यायचं तर कफ परेडची गाडी. आरेची धरलीत तर पुढचंच मरोळ नाका. ताईच्या सुनेला ठाण्याला जायचं असतं, तिच्यासाठी मात्र तेच बरोबर. मरोळ नाक्याला उतरायचं, भुयारातून वर येऊन मेट्रो १, म्हणजे वर्सोवा-घाटकोपर लाइन, धरायची, घाटकोपर गाठायचं आणि तिथून लोकल. गेटं दोन्ही मेट्रोंची वेगवेगळी आहेत. सामान जड असेल तर त्या चढउताराचा आधी विचार करा. बाहेरगावची गाडी पकडणाऱ्यांना मुंबई सेंट्रल (मेट्रोच्या स्टेशनाचं नाव मात्र जगन्नाथ शंकरशेट) आणि सीएसएमटी ही दोन्ही स्टेशनं याच लाइनवर आहेत.

रात्रीच्या विमानाचं मात्र हिच्यावर सोडू नका. पहिली गाडी सकाळी ५.५५ ला, शेवटची रात्री साडेदहाला, आणि या वेळा टोकाच्या स्टेशनांवरून सुटायच्या. परदेशातली विमानं नेमकी मध्यरात्रीनंतर येतात नि जातात. भाचा पहाटे दोनला उतरला तेव्हा मेट्रो झोपलेली होती आणि आम्ही टॅक्सीच केली. पहाटे अडीचला विमान असेल तर एक मार्ग आहे, रात्री नवाच्या मेट्रोने जाऊन टर्मिनलमध्ये बसायचं. माझे यजमान तसं करतील, त्यांना सगळीकडे चार तास आधी पोचायचं असतं. मी नाही करणार.

गिरगावला उतरलात की वर यायच्या आधी फोन लावायच्या भानगडीत पडू नका. कुठल्या दाराने बाहेर यायचं ते निघतानाच ठरवून घ्या, कारण दारं रस्त्यावर वेगवेगळ्या ठिकाणी निघतात. ताई चुकीच्या दाराने वर आली. मी एका कोपऱ्यावर, ती दुसऱ्या. मध्ये जगन्नाथ शंकरशेट रस्ता, आणि तिच्या हातातल्या खोक्याचं तळ तेवढ्यात सुटलं.