शेजारी बिल्डरची नवीन स्कीम होतेय? गटारीचं आधी बघून घ्या

जळगावला आमच्या कॉलनीच्या वरच्या अंगाला कपाशीचं शेत होतं, तिथे 60 फ्लॅटचं अपार्टमेंट उभं राहिलं आणि पहिल्याच जुलैत आमच्या बाथरूमच्या जाळीतून गटारीचं पाणी घरात आलं. आई पहाटे चारला उठून तांब्याने पाणी उपसत होती, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून तुमच्या शेजारी काम सुरू व्हायच्या आधी काय बघायचं ते लिहितोय, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव कुठेही चालेल, काळी माती सगळीकडे तीच.

आधी हिशोब. माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं. 60 फ्लॅट, घरात पाच माणसं, म्हणजे दिवसाला 32,400 लिटर. सकाळच्या गर्दीत तिप्पट धरलं तरी तासाला चार हजारच्या आसपास, एवढं सहा इंची पाइप नीट उतार असेल तर आरामात ओढतो. आता पाऊस बघा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. 10 गुंठे, म्हणजे जवळपास 1,000 चौरस मीटर, सगळी गच्ची आणि पेव्हर ब्लॉकचं पार्किंग, त्यावर तासाभरात 50 मिलिमीटर पडला तर 50,000 लिटर! दिवसभराच्या सांडपाण्यापेक्षा जास्त, तेही एका तासात. म्हणून खरा प्रश्न हाच की गच्चीचं पाणी कुठे सोडलंय, कारण ते भुयारी गटारीच्या चेंबरला जोडलं तर खालच्या घरांचे हाल ठरलेले.

हे ओळखायचं कसं? कोरड्या दिवशी सकाळी सात-आठला, सगळे आंघोळी करत असतात तेव्हा, रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण पहारीने उचलून बघा, पाइप आत्ताच अर्ध्याहून जास्त भरलेला असेल तर नवीन जोडणीला जागा कमी आहे. भिंतीवर काळ्या डागाची रेघ किती उंच आहे तेही बघा, मागच्या पावसात पाणी तिथवर चढलं होतं. फोटो काढा, तारीख वेळ येऊ द्या. चेंबरमध्ये उतरू मात्र नका आणि कोणाला उतरवूही नका, विषारी वायूने माणूस जागेवर जातो. मग जोरात पाऊस सुरू असताना परत बघा, पाणी एकदम चढलं तर कुठून तरी पावसाचं पाणी आत येतंय.

दुसरं, लेव्हल. नवीन स्कीमवाले मुरूम टाकून जोतं उंच करतात, मग रस्ताही उंच होतो आणि जुनी घरं खड्ड्यात जातात. गवंडीदादाकडची पारदर्शक लेव्हल पाइप मागून घ्या, तुमचा उंबरा आणि त्यांचा रस्ता ताडून बघा, अर्ध्या तासाचं काम. आणि कोणी म्हणालं शोषखड्डा करतोय, सगळं जिरेल, तर लगेच मान डोलावू नका, आपल्या मातीला उन्हाळ्यात भेगा असतात म्हणून पहिलं पाणी पिते, एकदा फुगली की पाणी वरच उभं राहतं. दोन फूट खड्डा खणून रात्री पाण्याने भरा, सकाळी परत भरा आणि तासाने बघा किती उतरलं, त्यांच्यासमोरच करा.

आता कागद. मनपा असेल तर आयुक्तांच्या नावे, नगरपालिका असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या, अर्ज द्या आणि आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घ्याच, तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. सोबत माहिती अधिकारात 10 रुपये भरून मंजूर नकाशा, गटारीची जोडणी कुठे, पाइप किती इंची आणि पावसाचं पाणी कोणत्या नाल्यात सोडणार, एवढं मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकट्याने नको, गल्लीतल्या दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्या, बायकांच्या आधी, पाणी त्यांनाच उपसावं लागतं.

त्या स्कीममध्ये फ्लॅट घेणारे पण आपलेच लोक आहेत, त्यांनाही सांगा की रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्यांसाठी बिल्डरवर बंधनं घालणारा कायदा) कलम 14 मध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं काम किंवा सुविधांमधला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचाय, 30 दिवसांत. आमच्याकडे शेवटी त्यांच्याच सोसायटीने जोर लावला तेव्हा गच्चीचे पाइप चेंबरमधून काढून नाल्याकडे वळवले.

अर्ज मार्चपर्यंत द्या, जूनमध्ये खोदकाम कोणी करत नाही.