डीबी बदलायचाय? मग आधी वही-पेन घ्या, स्क्रू ड्रायव्हर नंतर

पहिल्यांदाच सांगून टाकतो, जुना डीबी, म्हणजे घरभरच्या वायरी जिथून फुटतात तो डिस्ट्रिब्युशन बोर्ड, बदलणं म्हणजे जुना डबा काढून नवा लावणं एवढंच नसतं. डबा एका दिवसात लागतो. खरं काम त्याच्या आधीचं, म्हणजे कुठली वायर कुठल्या खोलीत जाते, तिच्यावर काय काय चालतं आणि तिचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) नक्की कुठून येतो हे शोधायचं, आणि ते करायला वायरमनला वेळ नसतो आणि आपल्याला कंटाळा. मग नवाकोरा डीबी लागतो, दिसतो एकदम चकाचक, आणि रात्री जिन्यातला दिवा लावला की अर्धं घर अंधारात. आमच्याकडे अगदी हेच झालंय, पुढे सांगतोच.

त्याआधी एक गोष्ट. प्रत्यक्ष जोडणी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच करायची, यूट्यूब बघून आपण नाही. मीटरकडून मेन स्विचपर्यंत येणाऱ्या वायरीत मेन स्विच बंद केला तरी करंट असतोच, तो तोडायचा तर वीज पुरवणाऱ्यांच्या माणसानेच, मीटरचं सील आपण फोडायचं नाही. मग आपलं काम काय? तयारी करणं, सामान बरोबर निवडणं, आणि काम चालू असताना कुठे बोट दाखवून "हे असं का?" विचारायचं ते माहीत असणं.

बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं? घरात अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतील तर फार विचार करू नका. फ्यूज वाईट असतो असं नाही, पण त्यात तार कोण घालतं त्यावर सगळं. आमचे बाबा फ्यूज सारखा उडतो म्हणून तारेला दुहेरी पीळ देऊन घालायचे, मग तो उडायचा बंद झाला, सगळे खूश. पुढे कव्हर काढलं तेव्हा त्या फ्यूजच्या खालच्या वायरीचं इन्सुलेशन तपकिरी होऊन कुरकुरीत झालं होतं, हात लावला की टवके निघत होते. फ्यूज शाबूत राहिला आणि वायर भाजली, काम उलटंच झालं.

फ्यूजऐवजी एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारे खटके, असतील तरी ते अमर नसतात. डीबीचं कव्हर हाताला कोमट लागतंय, बारीक गुणगुण किंवा चुरचुर ऐकू येतेय, एखाद्या एमसीबीभोवती प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय, खटका वर केला की अडकत नाही, मिक्सर लावला की दिवे मिचमिचतात, किंवा करपलेला, कधीकधी चक्क मासळीसारखा वास येतो पण कुठून ते कळत नाही, यातलं काहीही असलं तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, बाकीचं नंतर वाचा. आणि आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) मुळातच नसेल तर तेवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे. अजून एक, फार जुन्या फ्यूज बोर्डांत मागची पाटी किंवा फ्यूजमधलं पांढरं अस्तर अॅस्बेस्टॉसचं असू शकतं, ते खरवडायचं नाही, ड्रिल मारायचं नाही, झाडू तर अजिबात नाही.

आता वही. दोन माणसं लागतात, एक डीबीपाशी, एक फोन घेऊन घरभर. घरातले सगळे दिवे-पंखे लावायचे, मग एकच एमसीबी खाली पाडायचा आणि काय काय बंद झालं ते लिहायचं. प्लग पॉइंट विसरू नका, त्यात चार्जर नाहीतर टेबल लॅम्प घालून प्रत्येक तपासायचा, बाल्कनीतला, फ्रिजमागचा, गिझरचा, गेटवरचा, सगळे. किटकॅट बोर्ड असेल तर हे स्वतः करू नका, फ्यूज ओढला की खालच्या पितळी पट्ट्या उघड्या पडतात आणि त्यात करंट असतो. शेवटी दोन-तीन पॉइंट असे निघतातच की कुठल्याच एमसीबीने बंद होत नाहीत किंवा दोनांनी बंद होतात. त्यांच्यापुढे मोठी फुली मारा, खरा घोळ तिथेच असतो.

त्याच वहीत लोड लिहा. २३० व्होल्टच्या घरात हिशोब सोपा आहे, वॅटला २३० ने भागा, अँपिअर आले. २००० वॅटचा गिझर म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, ३००० चा असेल तर १३. सगळं एकाच वेळी चालत नाही हे खरं, पण सकाळी गिझर, इंडक्शन आणि इस्त्री एकदम चालतात की नाही ते तुमचं तुम्हाला माहीत, वायरमनला नाही. वीज पुरवणाऱ्यांनी मंजूर केलेल्या लोडपेक्षा गरज जास्त निघाली तर आधी लोड वाढवून घ्यायचा अर्ज, मग डीबी.

सामान निवडताना सगळ्यात जास्त चूक होते ती एमसीबीच्या अँपिअरमध्ये. एमसीबी हा वायर वाचवायला असतो, गिझर किंवा एसी वाचवायला नाही, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. तांब्याच्या १.५ स्क्वेअर एमएम वायरला ६ किंवा १०, २.५ ला १६, ४ ला २० ते २५, साधारण असा हिशोब, आणि एका पाइपात खूप वायरी कोंबल्या असतील तर त्याहून कमी. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा लावणारे महाभाग आहेत, ही बाबांच्या दुहेरी तारेचीच नवी आवृत्ती. पडतो म्हणजे वायर सांगतेय की माझ्याच्याने होत नाही, तर जाड वायर ओढा किंवा लोड दुसऱ्या सर्किटवर टाका.

एमसीबीवर बी १६, सी १६ असं लिहिलेलं असतं ते अक्षर बघून घ्या. बी प्रकारचा साधारण ३ ते ५ पट करंटला झटक्यात पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला. दिवे, गिझर याला बी चालतो, मोटर-कॉम्प्रेसरवाल्या गोष्टी म्हणजे पंप, एसी, यांना सुरू होताना जोराचा करंट लागतो म्हणून सी. मुद्दाम डी लावू नका, घरात त्याचं सहसा काम नसतं. आणि बाजूला चौकटीत ६००० किंवा १०००० लिहिलेलं असतं ती शॉर्ट सर्किटचा करंट तोडायची ताकद, नुसती शोभेची संख्या नाही.

आरसीसीबी वेगळी गोष्ट आहे. तो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का एवढंच बघतो, कमी आला तर बाकीचा कुठेतरी गळतोय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, म्हणून तोडतो. माणसांसाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यायचा, १०० किंवा ३०० वाला आगीपासून बचावाला असतो, त्याच्या भरवशावर बाथरूममध्ये जाऊ नका. ओव्हरलोड त्याला कळतच नाही, त्यामुळे एमसीबी लागतोच. जमलं तर एक नको, दोन तरी घ्या, म्हणजे पंपाने पाडला तर अख्खं घर काळोखात बसणार नाही. बजेट असेल तर प्रत्येक सर्किटला आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकातच, पण त्यात डीबी मोठा आणि खिसा हलका होतो. वे, म्हणजे डीबीतली एमसीबी बसवायची घरं, मोजताना आत्ता लागतात त्याच्यापेक्षा चार तरी जास्त ठेवा, पुढे गाडीचा चार्जर नाहीतर दुसरा एसी येतोच. विजा पडणारा भाग असेल तर एसपीडीची, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणाऱ्या उपकरणाची, जागाही आत्ताच धरा.

आता आमचा जिना. जुन्या बोर्डात सगळे न्यूट्रल एकाच पट्टीवर बांधलेले, कुणाला काही पत्ता नाही. नव्या डीबीत खालच्या मजल्याला एक आरसीसीबी, वरच्याला दुसरा. पहिल्याच रात्री जिन्यातला दिवा लावला आणि खटक. कधी खालचा पडायचा, कधी वरचा, कधी दोन्ही. वायरमन म्हणाला आरसीसीबी खराब आलाय, बदलला, परत तेच. मग म्हणाला बायपास करून टाकू, तेव्हा मी म्हटलं थांबा जरा, आणि वही काढली. जिन्याच्या दिव्यापुढे फुली होती. त्याला फेज खालच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्या खोलीतून उचललेला, कुणीतरी कधीतरी वायर वाचवली होती. ९ वॅटचा बल्ब म्हणजे ३९-४० मिलीअँपिअर, जातात एका आरसीसीबीतून आणि परत येतात दुसऱ्यातून, दोघांनाही वाटतं गळती आहे. मशीन बरोबर होती, वायरिंग चोर होतं. खालच्या सर्किटचा न्यूट्रल जिन्यापर्यंत नव्याने ओढला, एका दुपारचं काम, पण त्याच्या आधी चार दिवस गेले. तर दोन आरसीसीबी लावताना दोन न्यूट्रल पट्ट्या वेगळ्या हव्यात, आणि सप्लाय तोडून, दोन्ही आरसीसीबी खाली पाडून त्यांच्यात मल्टिमीटरने कंटिन्युटी बघायची, बीप वाजला म्हणजे कुठेतरी दोन्ही न्यूट्रल एकमेकांना चिकटलेत.

कामाच्या दिवशी फ्रिज रिकामा नसला तरी चालेल पण फोन, टॉर्च चार्ज करून ठेवा. जुन्या डीबीचे चार-पाच फोटो काढा, आणि एकही वायर सोडायच्या आधी प्रत्येकीला टेप लावून वहीतला नंबर लिहा, फेजला पण आणि तिच्या न्यूट्रललासुद्धा, सोडल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात. रंगावर विसंबू नका, निळी वायर जुन्या थ्री फेज वायरिंगमध्ये फेज असते आणि नव्या पद्धतीत न्यूट्रल.

सप्लाय तुटल्यावर इन्व्हर्टर आणि सोलार आठवणीने बंद. मेन बंद असतानाही इन्व्हर्टरच्या सर्किटमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे असतात, आणि वायरमनला ते दिसत नाहीत. करंट नाही हे तपासायला दिवा लागणारा खिशातला टेस्टर पुरत नाही, मल्टिमीटर किंवा दोन टोकांचा टेस्टर आधी चालू ठिकाणी लावून बघायचा, मग बंद ठिकाणी, मग परत चालू ठिकाणी, म्हणजे मधल्या वेळेत टेस्टरच मेला नाही ना ते कळतं.

जोडणीत नजर ठेवायची ती स्क्रूवर. पुढे वितळलेले डीबी उघडलेत तर बहुतेक ठिकाणी ढिला स्क्रूच सापडतो. बारीक तारांच्या वायरीला टोकाला लग (धातूची टोपी) दाबून मग आत घालायची, सोल्डर लावून नाही, सोल्डर दाबाखाली हळूहळू बसतो आणि जोड ढिला पडतो. स्क्रूखाली इन्सुलेशन सापडलेलं नसावं, बाहेर उघडं तांबं दिसत नसावं, आणि घट्ट केल्यावर प्रत्येक वायर एकदा ओढून बघायची. कंपनीने टॉर्क, म्हणजे स्क्रू किती जोराने आवळायचा ते, लिहिलेला असतो, तेवढाच जोर लावणाऱ्या टॉर्क स्क्रू ड्रायव्हरने केलं तर उत्तमच. जुनी वायर आखूड पडली तर डब्यात पीळ मारून टेप गुंडाळू देऊ नका, नीट कनेक्टर लावायला सांगा. अॅल्युमिनियमची वायर असेल तर ती तांब्याला थेट जोडायची नाही, तिच्यासाठीचे वेगळे कनेक्टर येतात. एमसीबी एका कंपनीचे आणि बसबार (एमसीबींना जोडणारी दात्यांची पट्टी) दुसऱ्या कंपनीचा असंही करू नये, दात जेमतेम बसल्यासारखे वाटतात पण चिकटत नाहीत.

सप्लाय सुरू करायच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरने वायरींचं इन्सुलेशन तपासून घ्या, टीव्ही, राउटर, एलईडी आधी सोडवून. रीडिंग १ मेगाओहमच्या वर हवंच, चांगल्या वायरीला ते शेकड्यात येतं. बरेच वायरमन मेगर आणत नाहीत, आधीच विचारा. अर्थिंग प्रत्येक प्लगपर्यंत पोचतंय का तेही. आरसीसीबी अर्थिंग नसतानाही पडू शकतो, पण तेव्हा गळतीला वाट म्हणून तुम्हीच उरता.

मग सगळे एमसीबी खाली, मेन वर, व्होल्टेज मोजा, आणि एकेक करून वर करा. थ्री फेज कनेक्शन असेल तर न्यूट्रल दोनदा तपासून घ्या, तो सुटला तर काही फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि टीव्ही-फ्रिज एकाच झटक्यात जातात. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतोय ना बघा, आणि ते दर तीन-चार महिन्यांनी दाबत राहा. एखाद-दोन आठवड्यांनी, लोड चालू असताना, कव्हरवर हात ठेवून बघा, कोमटपणा एकाच जागी लागला तर परत बोलवा.

दाराच्या आत चिकटवायची यादी वहीवरूनच उतरवा, पण खोल्यांची नावं माणसांवरून ठेवू नका. आमच्या यादीत अजून "बाबांची खोली" लिहिलंय, तिथे आता वॉशिंग मशीन आहे, आणि वायरमन आला की दर वेळी विचारतो, बाबांची खोली कुठली?