कंपनीतला मेंटल हेल्थ प्रोग्राम खरंच उपयोगी पडतोय का, हे कसं तपासायचं

आधीच्या कंपनीत एका सहकाऱ्याने राजीनामा दिला आणि शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये सहज बोलता बोलता मला म्हणाला की वर्षभर त्याला नीट झोप लागत नव्हती, सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी हात थरथरायचे. मी पटकन बोलून गेले, अरे मग आपला काउन्सेलिंगचा नंबर होता ना! तर म्हणाला, "ताई, तो नंबर एचआरच्या मेलमधून आला होता. त्यावर फोन करून नोकरी घालवू का?" त्याच महिन्यात आमच्या प्रोग्रामचा वार्षिक रिपोर्ट आला होता आणि त्यात सगळं छान छान होतं. तेव्हापासून मी असले रिपोर्ट वेगळ्या नजरेने वाचायला लागले. पुण्यात एचआरमध्ये बारा वर्षं झाली, आधी आयटी, आता चाकणच्या बाजूला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, त्या अनुभवातून जे शिकले ते इथे लिहितेय. तुम्ही एचआरमध्ये असा, युनियनमध्ये असा, नाहीतर कुणी "जरा बघ गं हा प्रोग्राम पुढच्या वर्षी ठेवायचा का" असं तुमच्या गळ्यात टाकलेलं असो, उपयोग होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, बहुतेक ठिकाणी हा प्रोग्राम म्हणजे ईएपी, एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम. कंपनी बाहेरच्या एजन्सीला माणशी पैसे देते आणि कामगाराला, बऱ्याचदा घरच्यांनाही, ठराविक सेशन्स फुकट मिळतात. सोबत एखादं ॲप, महिन्याला एक वेबिनार, आणि १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा कार्यक्रम.

आता रिन्यूअलच्या वेळी एजन्सी जो आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात दाखवते तो यूटिलायझेशनचा, म्हणजे किती टक्के माणसांनी प्रोग्राम वापरला त्याचा. तो फोडून बघायला शिका, अर्धं काम तिथेच होतं. समजा कंपनीत १२०० माणसं आहेत आणि रिपोर्टमध्ये १८ टक्के वापर दाखवलाय. म्हणजे २१६. विचारायचं की हे २१६ कोण? मग कळतं की त्यात १४० जण वेबिनारला बसलेले (मॅनेजरने मीटिंग इन्व्हाइट टाकलं म्हणून), ५० जणांनी ॲप एकदा उघडलेलं, आणि उरले २६ फोन, ते पण १४ माणसांचेच. म्हणजे काउन्सेलरशी खरोखर बोललेली माणसं १४, सव्वा टक्का पण नाही. आता शेजारी हा आकडा ठेवा: बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. १०.६ टक्के म्हणजे १२०० मागे साधारण १२७ माणसं. तुमच्या कंपनीत अगदी तेवढेच असतील असं नाही, पण १४ आणि १२७ मधली दरी बघितली की कळतं आपण कुणापर्यंत पोचलोच नाहीये.

म्हणून एजन्सीकडून हे मागा: वेगवेगळी माणसं किती, पहिल्या सेशननंतर दुसऱ्याला आणि तिसऱ्याला किती परत आली, पहिला फोन आणि पहिलं सेशन यात किती दिवस गेले, मराठीत आणि हिंदीत किती सेशन्स झाली, आणि सायकिआट्रिस्टकडे पाठवायची गरज पडली तेव्हा पुढे काय झालं. मला स्वतःला यातलं "परत किती आले" हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकदा येऊन गायब झालेला माणूस बरा झाला असंही असू शकतं, पण बहुतेक वेळा त्याला तिथे मोकळं वाटलेलं नसतं.

आणि स्वतः फोन करून बघा. रात्री अकराला, सेकंड शिफ्ट सुटल्यावर, मराठीतून. खोटं संकट सांगायचं नाही हं, समोरच्या काउन्सेलरचा वेळ खऱ्या गरजू माणसाचा असतो, फक्त सांगायचं की माहिती हवीये, सेशन कधी मिळेल, माझं नाव कंपनीला कळेल का. मी केला होता तेव्हा आधी इंग्लिश, मग हिंदी, मग एम्प्लॉयी आयडी टाका, मग ऑफिसचा ईमेल द्या. ज्या पोराकडे ऑफिसचा ईमेलच नाही, लाइनवर उभा राहून काम करतो, त्याने काय करायचं? कंत्राटी कामगार तर बऱ्याच करारांत धरलेलेच नसतात, आणि प्लँटमध्ये निम्मी माणसं तीच. करार उघडून हे वाचाच.

काउन्सेलर कोण आहेत तेही विचारायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी नोंदणी संस्थेचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो मागितला की मिळायला हवा. नुसतं "एक्स्पर्ट पॅनेल" लिहिलेलं असेल तर कोणाची कोणती डिग्री, आणि त्यांच्या कामावर सीनियर कोणी लक्ष ठेवतं का, एवढं तरी लेखी घ्या.

गुप्ततेबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळं इथेच अडतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम २३ मध्ये माणसाला आपल्या मानसिक आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय. एजन्सी नावं देत नाही हे खरं, पण नाव न देताही माणूस उघडा पडतो. आमच्याकडे एकदा रिपोर्टमध्ये डिपार्टमेंटवार तक्ता आला, त्यात एका छोट्या टीमपुढे "स्त्री, ३० ते ४०, वैवाहिक समस्या, १" असं लिहिलेलं. त्या टीममध्ये बाईच एक होती! तो तक्ता अजून दोन जणांनी बघायच्या आधी मी परत पाठवला, पण पाठवणाऱ्यांना त्यात काही चुकलंय हे सांगून पटवावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा नियमच करा की दहापेक्षा कमी माणसांचा आकडा कुठल्याच गटाचा दाखवायचा नाही, आणि हे करारात घाला. बिलं कशी येतात तेही बघा, काही वेळा सेशनवार बिलात तारीख-वेळ असते आणि ती हजेरीशी जुळवली की कोण ते कळतं.

आता मुख्य प्रश्न, फरक पडतोय का? त्यासाठी सुरुवातीलाच मोजून ठेवावं लागतं, नंतर मोजून काही कळत नाही. सोपं साधन म्हणजे डब्ल्यूएचओ-५, जागतिक आरोग्य संघटनेची (डब्ल्यूएचओ) छोटी प्रश्नावली. पाचच वाक्यं असतात, गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का अशा धर्तीची, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, बेरीज जास्तीत जास्त २५, तिला ४ ने गुणायचं की १०० पैकी आकडा मिळतो. ५० च्या खाली असेल तर काळजी करण्यासारखं. निनावी घ्या, कागदावर घ्या, कॅन्टीनजवळ बंद पेटी ठेवा, आणि सुपरवायझरच्या हातून फॉर्म अजिबात वाटू नका.

पीएचक्यू-९ ही डिप्रेशन तपासायची नऊ प्रश्नांची यादी पण खूप वापरतात, पण त्यात एक गोष्ट लक्षात असू द्या, नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी सर्व्हेत तो विचारला आणि कोणीतरी "रोज" वर खूण केली, तर तुम्ही त्या माणसापर्यंत पोचणार कसे? ज्या प्रश्नाच्या उत्तराला आपण काहीच करू शकत नाही तो विचारायचाच नाही. ते काम काउन्सेलरने समोरासमोर करावं.

पुढचा खड्डा असा की जे स्वतःहून आले त्यांचे आधीचे-नंतरचे आकडे दाखवून "बघा ८ पैकी ७ जण सुधारले" असं सांगतात. माणूस मदत मागायला जातो तेव्हा तो तळाला असतो, आणि तळातून थोडं वर यायचं पुष्कळदा आपोआपही होतं, काळ जातो, घरातलं भांडण मिटतं, प्रोजेक्ट संपतो. शिवाय जे येतात ते मुळात मदत घेऊ शकणारे असतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचं आहे. तिथे २०१६ मध्ये जवळजवळ ५००० कर्मचाऱ्यांवर वेलनेस प्रोग्रामचा प्रयोग केला, कुणाला प्रोग्राम द्यायचा आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. नुसतं भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली तर प्रोग्राम फार भारी वाटत होता, पण चिठ्ठीने पडलेल्या दोन गटांची तुलना केली तर पहिल्या वर्षात दवाखान्याच्या खर्चात, रजेत, कामात काही ठळक फरकच दिसला नाही. भाग घेणारे आधीपासूनच जास्त तब्येत सांभाळणारे होते. तो प्रोग्राम एकंदर तब्येतीचा होता, फक्त मनाचा नाही, पण धडा तोच.

आपण चिठ्ठ्या टाकू शकत नाही, मान्य. पण टप्प्याटप्प्याने तर करू शकतो ना? समजा चाकण आणि रांजणगाव दोन प्लँट आहेत, तर आधी एकीकडे सुरू करायचं, सहा महिन्यांनी दुसरीकडे, आणि सर्व्हे दोन्हीकडे एकाच आठवड्यात घ्यायचा. दिवाळीच्या आधी-नंतर किंवा अप्रेझलच्या महिन्यात घेऊ नका, मूड त्यानेच हलतो. एक अट, तातडीची मदत मात्र दुसऱ्या प्लँटलाही पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालाय, मराठीतही बोलतात, आणि कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही म्हणून माझ्या त्या सहकाऱ्यासारखी माणसं त्यावर फोन करायला कमी घाबरतात. तो सगळीकडे लावा, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला सुद्धा, तिथे उभं राहून नंबर वाचताना कुणी बघत नाही.

आणि हे सगळं केलं तरी कामाकडे बघितलं नाही तर काही खरं नाही. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ मध्ये अभ्यास आला, ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांचा. ॲप्स, रिलॅक्सेशनचे वर्ग, स्ट्रेस मॅनेजमेंट ट्रेनिंग असलं वैयक्तिक काही घेतलेल्यांची मनःस्थिती न घेतलेल्यांपेक्षा बरी नव्हती, समाजसेवेची संधी तेवढी अपवाद. मला याचं आश्चर्य नाही वाटलं. रोस्टर आदल्या रात्री बदलतो, मंजूर झालेली रजा रद्द होते, सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलतो, आणि त्यावर आपण देतो काय तर श्वासाचे व्यायाम. तेव्हा तपासणीत कामाचे प्रश्न घालाच. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता बघणाऱ्या ब्रिटनच्या एचएसई या सरकारी संस्थेची ३५ प्रश्नांची यादी फुकट मिळते, त्यात सहा गोष्टी बघतात: कामाचा बोजा, कामावर आपला ताबा, मिळणारा आधार, आपसातले संबंध, आपली भूमिका स्पष्ट आहे का, आणि बदल कसे केले जातात. सगळे ३५ नको असतील तर प्रत्येकातले एक-दोन साध्या मराठीत घ्या, पुस्तकी मराठीत नको. "भूमिकेची स्पष्टता" म्हटलं की लाइनवरचा माणूस फॉर्म सोडून देतो, "तुमचं काम नक्की काय ते कोणी नीट सांगतं का" म्हटलं की भरभरून लिहितो.

सोबत तुमच्याकडे आधीच असलेले आकडे काढा: न सांगता दांडी, सिक लीव्ह, एका सुपरवायझरखालून किती जण सोडून गेले, अपघात आणि थोडक्यात वाचलेले अपघात. एकाच लाइनवर सगळं एकवटलेलं दिसलं तर तिथे आधी सुपरवायझरशी बोलायची गरज आहे.

इन्शुरन्स पण याच तपासणीत येतो, लोक विसरतात. वर सांगितलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्याच कलम २१ मध्ये आहे की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं. ग्रुप पॉलिसीत ते कोणत्या शब्दांत आहे ते वाचा, आणि ओपीडीचा खर्च मिळतो का ते बघा, कारण डिप्रेशनची ट्रीटमेंट बहुतेक ओपीडीतच चालते, ॲडमिट व्हावंच लागत नाही.

मॅनेजमेंट विचारणार, पैसे वसूल होतात का. एजन्सीच्या स्लाइडवर "१ डॉलरला ४ डॉलर परत" असं असतं. तो आकडा डब्ल्यूएचओच्या पुढाकाराने झालेल्या २०१६ च्या अभ्यासातला आहे, पण तो ३६ देशांत डिप्रेशन आणि चिंतेचे उपचार वाढवले तर काय होईल याचा अंदाज होता, कंपनीतल्या वेबिनारचा नव्हे. तुम्ही तो आपल्या प्रेझेंटेशनमध्ये वापरू नका. त्याऐवजी खर्चाला खरोखर काउन्सेलरशी बोललेल्या माणसांच्या संख्येने भागा, तो आकडा मोठा येईल, येऊ दे, त्यावरूनच चर्चा सुरू होते.

शेवटी, न आलेल्यांशी बोला. सात-आठ जणांचे दोन-तीन गट, एचआरशिवाय, बाहेरच्या कुणाकडून, आणि प्रश्न असा की "तुमच्या ओळखीच्या कुणाला त्रास असेल तर तो हा नंबर फिरवेल का, नाही तर का नाही?" स्वतःबद्दल कोणी सांगत नाही, मित्राबद्दल सांगतात. आमच्याकडे यातूनच तीन गोष्टी कळल्या: नंबर फिरवल्यावर ईमेल मागायला नको, फोन करायला जागा हवी कारण होस्टेलच्या खोलीत चार जण राहतात, आणि काउन्सेलर बाई मराठी बोलणारी हवी. तिन्ही केल्या. मग जे सापडलं ते चांगलं-वाईट सगळं एका पानावर लिहून कॅन्टीनच्या बोर्डावर लावलं, खाली तारीख घातली की पुढचा सर्व्हे कधी, आणि त्या तारखेला तो घेतला.