जुना अ‍ॅम्प्लिफायर घुमतोय? भंगारात घालायच्या आधी कपॅशिटर बघा

गणपती जवळ आले की आमच्या तालमीतला जुना अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावरनं खाली येतो, आणि गेल्या वर्षी चालू केल्याबरोबर स्पीकरमधनं नुसता घुंऽऽऽ. पोरं म्हणाली गेलं हे, नवीन घेऊया. थांबा जरा. आवाज पूर्ण बारीक करूनही घुमणं तेवढंच राहत असेल तर बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे मोठे कपॅशिटर, ज्यांना जुने मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात, ते वाळलेले असतात. आपली लाईन 50 हर्ट्झची, ब्रिजमधनं, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडांतनं, निघताना ती 100 हर्ट्झची लाट होते, ती सपाट करायचं काम यांचं, आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ओलं रसायन, वाळलं की लाट सरळ स्पीकरला.

आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढला तरी कपॅशिटरमध्ये चार्ज राहतो, आणि स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून तो घालवायची सवय असेल तर आजपासून सोडा. 1 किलोओहम 5 वॅटच्या रेझिस्टरला दोन्हीकडं क्लिपवाल्या वायरी जोडा, कपॅशिटरच्या दोन पायांना अर्धा मिनिट लावून ठेवा, मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर करून 1 व्होल्टच्या खाली आलंय का बघा. हे अ‍ॅम्प्लिफायरचं झालं. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये असतो तसल्या स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये, 320 व्होल्टच्या आसपास असतं आणि पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत हजारांत, नवीन माणसानं त्यात हात घालू नये, खरंच सांगतो.

आता कपॅशिटर बघा. डोकं सपाट पाहिजे, आमच्याकडं दोनपैकी एकाचं भाकरीगत टम्म फुगलेलं. बुडाशी तपकिरी गोंद दिसला तर लगेच गळती समजू नका, कंपनीनंच कपॅशिटर हलू नये म्हणून लावलेला असतो. आणि फुगलेला नाही म्हणजे चांगलाच असंही नाही, म्हणून जोडी असली की दोन्ही बदला.

नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कमी अजिबात नको. आमचे 4700 मायक्रोफॅरड 50 व्होल्टचे होते, 63 चे बसवले. 105 डिग्रीपर्यंत तापमान सोसणारा मिळाला तर 85 चा घेऊ नका, आणि दुकानात जाताना जुना खिशात घेऊन जा म्हणजे जाडी, उंची, पायांतलं अंतर तिथंच जुळवता येतं.

काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. अंगावर पट्टी असते ती निगेटिव्ह, उलटा बसला तर फुटतो. जुन्या डागावर थोडं ताजं सोल्डर द्या, मग सकरनं, म्हणजे वितळलेलं सोल्डर ओढायच्या पिचकारीनं, ओढा, पाय ओढाताण करून काढलात तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलून येते आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.

सगळं बसलं की थेट लाईन देऊ नका, 100 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे लाईनच्या एका वायरीत मधे, लावा. क्षणभर पेटून मंद झाला तर बरोबर. लख्ख पेटूनच राहिला तर लगेच बंद करा, कुठंतरी शॉर्ट आहे नाहीतर कपॅशिटर उलटा बसलाय.

आमचा बल्ब मंद झाला, मग थेट लाईन देऊन तासभर चालू ठेवला, मधे मधे प्लग काढून कपॅशिटर तापतायत का बघत होतो. गार होते. त्याच संध्याकाळी आरती त्याच्यावरच झाली.