स्प्रिंकलरमधलं अँटिफ्रीझ : या लाइनमध्ये नवीन असाल तर

फायर प्रोटेक्शनमध्ये नवीन आलेल्यांना मी पहिलं अँटिफ्रीझच समजावून सांगतो, म्हणजे स्प्रिंकलरच्या (आग लागली की आपोआप पाणी उडवणाऱ्या सिस्टीमच्या) पाइपमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळतात ते लिक्विड, कारण पाण्यात थोडं जास्त टाकलं तर काय बिघडतं असं सगळ्यांनाच वाटतं आणि नेमकं तेच जिवावर बेतू शकतं.

पाणी भरलेल्या पाइपला निदान ४ अंश सेल्सिअस तरी तापमान लागतं, त्याच्या खाली पाणी गोठून पाइप फुटायची भीती, म्हणून थंड जागेत पाण्यात ग्लिसरीन नाहीतर प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळायचे. पण ही दोन्ही स्वतः जळतात! हेडमधून, म्हणजे पाणी उडतं त्या तोंडातून, प्रेशरने बारीक तुषार उडाले आणि मिश्रण कडक असलं, म्हणजे त्यात अँटिफ्रीझ जास्त असलं, की आग विझायच्या ऐवजी भडकते. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावात किचनच्या आगीवर स्प्रिंकलर उघडला आणि असाच भडका उडाला, एक जीव गेला. त्यानंतर एनएफपीएने (आगीपासून बचावाचे नियम ठरवणारी अमेरिकेतली संस्था) नियम कडक केले, आता नवीन सिस्टीमला लिस्टेड, म्हणजे तपासून मान्यता मिळालेलं, सोल्यूशनच लागतं, फॅक्टरीतून मिक्स होऊन आलेलं. साइटवर बादलीत ढवळून अंदाजाने भरायचं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

टेस्टिंग दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून मिश्रण किती कडक ते दाखवणारं छोटं उपकरण) हातात बसेपर्यंत वापरा : आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून झिरो लावायचा, काच पुसायची, मग सॅम्पलचा थेंब, झाकण लावून उजेडाकडे धरलं की निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ दिसते, तिथलं रीडिंग घ्यायचं. स्केल मात्र त्याच लिक्विडचं हवं, ग्लिसरीन ग्लायकॉलच्या स्केलवर वाचलं तर आकडा साफ चुकतो. आणि सॅम्पल एकाच ठिकाणचं नको, वरचंही घ्या आणि खालचंही, कारण अँटिफ्रीझ पाण्यापेक्षा जड, नीट मिसळलेलं नसेल तर तळाशी बसतं, म्हणजे खाली कडक आणि वर जवळजवळ नुसतं पाणी, जे गोठणार.

पाइपचं मटेरियलही बघा, सीपीव्हीसीमध्ये (एक प्रकारचा प्लॅस्टिक पाइप) साधं प्रॉपिलीन ग्लायकॉल चालत नाही, पाइपला तडे जातात. ही गोष्ट फार लोक विसरतात.

जुन्या सिस्टीमवर टॅग (आत काय भरलंय ते लिहिलेली पट्टी) नसेल, आत काय भरलंय ते टेस्ट करूनही खात्रीने कळत नसेल, तर मालक कितीही कुरकुरला तरी पूर्ण ड्रेन करून नवीन भरायचं, आणि टॅगवर लिक्विडचं नाव, कॉन्सन्ट्रेशन, किती तापमानापर्यंत गोठणार नाही आणि तारीख लिहून टाकायची.