ॲनालिस्टनं कंपनीला नावं ठेवली, तर मालकानं बोलावं का?

कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागली की ग्रेडर आधी गाडीत हात खुपसतो. "ओलावा हाये," म्हणतो. मग शेतकऱ्यांचे दोन प्रकार दिसतात. एक तिथंच पेटतो, "माह्या कापसाले ओला म्हणतं काय?", अन् भोवती चार लोक जमतात. दुसरा म्हणतो, "मीटर लावा." सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूरा भाव, पुढे १२ पर्यंत कपात, त्याच्यावर गेली की गाडी परत. भांडून यातला एकही आकडा हलत नाही.

हे आठवलं ते पुतण्यामुळे. बुटीबोरीला त्याची ठिबक-तुषारच्या पाइपची कंपनी आहे, शेअर बाजारात नोंदलेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन. "काका, मुंबईच्या एका ॲनालिस्टनं लिवलं का नफा कागदावरच हाये, पैसा सारा उधारीत. शेअर आदळला. उद्या चॅनेलवर जाऊन पाहतोच त्याले." ॲनालिस्ट म्हणजे कंपन्यांचे हिशेब तपासून शेअर घ्यावा की विकावा हे लिहिणारा. मी अकरा वर्षं एका कंपनी सेक्रेटरीच्या, म्हणजे कंपनीची कायद्याची कागदपत्रं सांभाळणाऱ्याच्या, हाताखाली फायली लावल्या, आता समुद्रपूर तालुक्यात कापूस-तूर करतो. त्याला त्या रात्री जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी रिपोर्टचा कागद काढा आणि पेन घेऊन बसा. कुठं मत आहे आणि कुठं आकडा, ते वेगळं करा. "शेअर महाग आहे, विकून टाका" हे मत. त्याला उत्तर द्यायचं नाही, कधीच नाही. शेअरचा भाव काय असावा हे मालकानं सांगायचं कामच नाही. आकडा चुकीचा छापला असेल तर मात्र त्याच दिवशी दुरुस्ती मागा. आधी ॲनालिस्टला साधी मेल, आपल्या वार्षिक अहवालाचं पान लावून. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

आकडा बरोबर आहे आणि झोंबतो आहे, तिथं घोळ होतो. पुतण्याचं तेच होतं. मार्चच्या ताळेबंदात उधारी खरंच वाढली होती.

दाभोळमुळे आपल्याकडे घराघरात माहीत झालेली एन्रॉन आठवते? एप्रिल २००१ मध्ये तिच्या कॉन्फरन्स कॉलवर (निकालानंतर कंपनी ॲनालिस्ट-गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते तो) ग्रबमन नावाच्या एका गुंतवणूकदारानं विचारलं, निकालासोबत ताळेबंद का देत नाही? प्रमुख स्किलिंग यांनी सगळ्यांच्या कानावर त्याला शिवी हासडली. ऑगस्टमध्ये स्किलिंगनी खुर्ची सोडली, २ डिसेंबरला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. शिवीनं कंपनी बुडाली नाही, ती आतून पोकळ होती. पण प्रश्न आकड्याचा होता आणि उत्तर माणसाला मिळालं. तेव्हापासून कोणी मालक ॲनालिस्टवर तापला की मी त्याचा ताळेबंद उघडून बघतो.

आता कायद्याचं. तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत आतल्या लोकांसाठी शेअरच्या खरेदी-विक्रीची खिडकी बंद असते, कारण बाहेर न आलेले आकडे त्यांना ठाऊक असतात. सप्टेंबरचे आकडे पुतण्याच्या टेबलावर होते, आणि वसुली सुधारली होती. चॅनेलवर तोंडातून "थांबा, या वेळी पाहाच" एवढं निघालं असतं तरी जाहीर न झालेली, भाव हलवणारी माहिती फुटली असती. आमच्या साहेबांनी एकदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अस्संच केलं. एक्स्चेंजची, म्हणजे शेअर बाजाराची, खुलासा मागणारी मेल मीच छापून त्यांच्या टेबलावर ठेवली होती. त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

म्हणून उत्तर द्यायचंच तर ते आधी एक्स्चेंजवर जाईल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नोंदणी नियमांतला नियम ३० कंपनीला स्वतःहून एखाद्या बातमीला दुजोरा द्यायची किंवा ती नाकारायची मुभा देतो. आधी तिथं, मग पत्रकार, मग फेसबुक. आणि मजकुरात फक्त जे आधीच छापलेलं आहे तेच. उधारी किती जुनी, याचं वयवार कोष्टक ताळेबंदाच्या टिपांमध्ये द्यावंच लागतं. आम्ही त्यावरच बोट ठेवलं: येणी वाढली हे खरं, त्यातली बरीचशी शासनाच्या अनुदान योजनांची, सहा महिन्यांवरची किती ते अमुक पानावर, बाकी प्रश्न निकालानंतरच्या कॉलवर. ॲनालिस्टचं नाव नाही, "दिशाभूल" नाही, "हितशत्रू" तर नाहीच. सहीला पुतण्या नव्हे, कंपनी सेक्रेटरी. मालकाची सही दिसली की लोक म्हणतात, मामला गंभीर आहे.

लबाडीचाच आरोप असेल तर गोष्ट वेगळी. तिथं गप्प बसून चालत नाही, वकील लागतो. तरी पानांवर भिस्त ठेवू नका. आमच्या भागात तिरोड्याला ज्यांचा वीज प्रकल्प आहे त्या अदानी समूहानं २९ जानेवारी २०२३ ला हिंडेनबर्गला, म्हणजे त्यांच्यावर लबाडीचा आरोप करणारा रिपोर्ट काढणाऱ्या अमेरिकी संस्थेला, ४१३ पानांचं उत्तर दिलं. तीन दिवसांनी २०,००० कोटींची, पूर्ण मागणी आलेली शेअरविक्री मागे घ्यावी लागली. त्यातल्या काही आरोपांत सेबीला तथ्य आढळलं नाही, पण तो आदेश आला सप्टेंबर २०२५ मध्ये. बाजार तेवढा थांबत नाही.

आणि तोंडातून निघून गेलंच, तर? मे २०१८ मध्ये टेस्लाच्या मस्क यांनी कॉलवर भांडवलाबद्दलचा एका ॲनालिस्टचा प्रश्न कंटाळवाणा म्हणून झटकला, दुसऱ्या दिवशी शेअर ५ टक्क्यांहून जास्त पडला. ऑगस्टच्या कॉलवर त्यांनी त्याच माणसाची माफी मागितली. जिथं बोललात तिथंच, त्याच लोकांसमोर माफी मागायची. खासगीत फोन करून भागत नाही.

आमचा खुलासा पाच ओळींचा होता. शेअर त्यानं वर गेला नाही, पुतण्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. नोव्हेंबरच्या कॉलवर त्याच ॲनालिस्टला पहिला प्रश्न विचारू द्या असं मी सांगून ठेवलं होतं. त्यानं उधारीचंच विचारलं, पुतण्याजवळ आकडा तयार होता. पुढचं मी ऐकलं नाही. गाडीत कापूस भरला होता, ताडपत्री बांधायची होती.