न्यूज स्टुडिओचा टॉकबॅक आखताना: नव्या इंजिनिअरसाठी

टॉकबॅकचं, म्हणजे स्टुडिओतल्या माणसांनी आपसात बोलायच्या व्यवस्थेचं, काम अंगावर आलं की कॅटलॉग नंतर उघडा, आधी एक मोठा कागद घ्या. डावीकडे उभे बोलणारे, वर आडवे ऐकणारे. तीन कॅमेरे आणि एक पीसीआर (कार्यक्रम चालवणारी कंट्रोल रूम) असलेला मराठी न्यूज स्टुडिओ धरला तर नावं साधारण अशी येतात: प्रोड्यूसर, डायरेक्टर, साउंड, ग्राफिक्स, सीसीयू (कॅमेऱ्यांचे रंग-उजेड सांभाळणारी जागा), टेलिप्रॉम्प्टर, तीन कॅमेरामन, फ्लोअर मॅनेजर, लाइट, दोन अँकर, एमसीआर (प्रक्षेपणाची मुख्य कंट्रोल रूम), असाइनमेंट डेस्क (रिपोर्टरांना कामं देणारा), आणि बाहेरून लाइव्ह येणारे रिपोर्टर व पाहुणे. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक खूण करा: सतत ऐकू यायला हवं, बटण दाबल्यावरच, किंवा कधीच नको. या तिन्हींत ‘कधीच नको’ ही खूण सगळ्यात मोलाची. अँकरच्या कानात प्रोड्यूसर आणि डायरेक्टर सोडून तिसऱ्या कोणाचाही आवाज पोहोचता कामा नये. चालू वाक्यात तिसरा आवाज कानात पडला की अँकर अडखळतो आणि ते सगळ्या प्रेक्षकांना दिसतं.

हा तक्ता आपल्या डेस्कवर बसून भरू नका. पीसीआरमध्ये मागच्या खुर्चीवर बसा, एकदा सकाळच्या साध्या बुलेटिनला आणि एकदा संध्याकाळच्या डिबेटला. डिबेटमध्ये खिडक्यांतून सहा पाहुणे आले की टॉकबॅकची खरी भूक किती आहे ते कळतं.

तक्ता भरला की व्यवस्था त्यातूनच दिसू लागते. फ्लोअर, लाइट, प्रॉम्प्टर या सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी ऐकायची असते, त्यांना टू-वायर पार्टी लाइन (सगळ्यांची एकच सामाईक लाइन) पुरते. प्रोड्यूसरला मात्र कधी फक्त अँकरशी, कधी फक्त साउंडशी बोलायचं असतं. तिथे मॅट्रिक्स (कोणाचा आवाज कोणाला जाईल ते ठरवणारं यंत्र) आणि की-पॅनल (त्याची बटणांची पाटी) लागतात. पार्टी लाइन आणि मॅट्रिक्स एकमेकांना हायब्रिडने (दोन वेगळ्या प्रकारच्या लाइन जुळवणाऱ्या डब्याने) जोडायचे. पार्टी लाइनचे निदान दोन चॅनल ठेवा, एक प्रॉडक्शनचा आणि एक इंजिनिअरिंगचा. आयरिस (कॅमेऱ्यात येणारा उजेड) आणि रंग जुळवण्याचं बोलणं डायरेक्टरच्या लाइनवर आलं तर शॉटच्या सूचना त्यात बुडतात.

आता मॅट्रिक्सचे पोर्ट मोजू. पॅनल सात (प्रोड्यूसर, डायरेक्टर, साउंड, ग्राफिक्स, सीसीयू, एमसीआर, असाइनमेंट), पार्टी लाइन दोन, सीसीयूमार्गे कॅमेरे तीन, अँकर दोन, बाहेरचे सहा, फोनची लाइन जोडणारे हायब्रिड दोन. झाले २२. त्यावर पाव भाग शिल्लक धरा, म्हणजे २८च्या आसपास. तेव्हा ३२ पोर्टचं मॅट्रिक्स घ्या. ही शिल्लक निवडणूक निकालाच्या दिवशी हमखास संपते, म्हणून तिथे काटकसर करू नये.

टू-वायरमध्ये बहुतेक बिघाड तीन गोष्टींतून येतात: टर्मिनेशन, व्होल्टेज आणि ग्राउंड.

प्रत्येक चॅनलला २०० ओहमचं टर्मिनेशन (लाइनवर जोडलेला रेझिस्टन्स) एकदाच हवं, आणि ते बहुधा पॉवर सप्लायमध्ये किंवा मेन स्टेशनमध्येच असतं. दुसरं स्टेशन जोडताना त्याचाही टर्मिनेशन स्विच चालू राहिला तर सगळ्यांचाच आवाज साधारण ६ डीबीने पडतो. मग लोक बेल्टपॅकचे (हेडसेट जोडायच्या, कमरेच्या डब्याचे) व्हॉल्यूम टोकाला नेतात आणि हेडसेट शिट्टी मारू लागतात. टर्मिनेशन अजिबात नसेल तर उलटं होतं: लेव्हल चढते, स्वतःचाच आवाज कानात मोठ्याने येतो, लाइन गुंजते. ‘आवाज कमी येतो’ अशी तक्रार सगळ्यांकडून एकदम आली की आधी हे स्विच पाहा.

व्होल्टेजचं गणित कागदावर करता येतं, ते करूनच केबल ओढा. लाइनवर साधारण ३० व्होल्ट डीसी असतं. २४ गेजच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ०.०८४ ओहम, म्हणजे १०० मीटर जायला ८.४. परतीची तारही तशीच धरली तर एकूण सुमारे १७ ओहम. टोकाला दहा बेल्टपॅक आहेत आणि प्रत्येक ५० मिलिअँप घेतो असं धरा. अर्धा अँपिअर झाला, आणि ८.४ व्होल्ट वाटेतच गेले. टोकाच्या माणसाला साडेएकवीस मिळतात. सगळ्यांनी एकदम कॉल लाइट लावले की आणखी घसरतात, आणि दूरचे बेल्टपॅक फाटका आवाज देऊ लागतात. उपाय सोपा: जाड तार घ्या, किंवा एका माळेत सगळे न ओवता स्प्लिटर बॉक्सपासून दोन-तीन फांद्या काढा.

ग्राउंडबाबत एकच नियम. पिन १, म्हणजे ग्राउंडची, एक्सएलआर कनेक्टरच्या धातूच्या आवरणाला जोडू नका. तो कनेक्टर सेटच्या लोखंडाला टेकला की ग्राउंड लूप (ग्राउंडचा दुसरा रस्ता) बनतो आणि दिव्यांच्या डिमरची गुणगुण लाइनवर येते. टॉकबॅकची केबल डिमरच्या केबलपासून लांबूनच न्या.

अजून एक धोका. क्लिअरकॉम कंपनीच्या पद्धतीत पिन २ वर डीसी आणि पिन ३ वर आवाज असतो. आरटीएस ब्रँडच्या दोन चॅनलच्या पद्धतीत पिन २ वर डीसीसोबत पहिल्या चॅनलचा आवाज आणि पिन ३ वर दुसऱ्याचा. दोन्हींचा कनेक्टर माइकचाच, तीन पिनांचा. घाईत कोणी टॉकबॅकची केबल माइकच्या बॉक्समध्ये खुपसली तर ३० व्होल्ट थेट साउंड मिक्सरच्या इनपुटवर जातात. म्हणून टॉकबॅकच्या केबलचा रंग वेगळा, वॉलबॉक्स वेगळा, पॅचबेही (केबल जोडायची पट्टी) वेगळा. कॅमेऱ्यांच्या हेडसेटला बऱ्याचदा ५ पिन असतात, बेल्टपॅकला ४, हेही खरेदीच्या यादीत लिहून ठेवा. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये इंटरकॉम माइकचा प्रकार हेडसेटशी जुळतो का तेही पाहा, नाहीतर आवाज बारीक येतो किंवा फाटतो.

आता आयएफबी, म्हणजे अँकरचा आणि बाहेरच्या माणसाचा कान. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. त्याला प्रोग्रामचा आवाज सतत मिळतो आणि प्रोड्यूसर बोलला की तो आवाज दबतो. पूर्ण बंद करू नका, १२ ते १५ डीबीने खाली आणा, म्हणजे समोरचा पाहुणा कुठे पोहोचलाय हे अँकरला कळत राहतं. बाहेरच्या माणसाला जाणारा प्रोग्राम मात्र त्याचा स्वतःचा आवाज वजा करूनच द्यायचा. मोबाइल नेटवर्कवरच्या बॅकपॅकमधून येणाऱ्या चित्राला एक-दोन सेकंदांचा उशीर असतो. वारीच्या गर्दीत उभ्या रिपोर्टरला आपलंच वाक्य इतक्या उशिराने कानात ऐकू आलं की तो मध्येच थांबतो. सहा पाहुणे असतील तर असे सहा वेगवेगळे मिक्स लागतात. दोघांना मिळून एक दिला तर एकाला दुसरा ऐकूच येणार नाही, किंवा दोघांना स्वतःचा आवाज येईल. तेव्हा साउंड कन्सोल (मिक्सर) घेतानाच त्याच्यावर असे किती मिक्स निघतात ते विचारा. मॅट्रिक्स मोठं आणि कन्सोल तोकडा, अशी जोडी फार ठिकाणी दिसते. तपासणी अशी: पाहुण्याचा फेडर (आवाजाची सरकती कळ) वर करा, त्याला एक ते दहा मोजायला सांगा आणि त्याच्या परतीच्या लाइनवर तुम्ही ऐका. तिथे त्याचे आकडे ऐकू आले तर मिक्स चुकलाय.

टू-वायर आणि मॅट्रिक्समधल्या हायब्रिडचं नल (परत येणारा आवाज खोडणारी जुळणी) सगळ्यात शेवटी, खरी केबल आणि खरे बेल्टपॅक जोडूनच करा. आधी सगळ्या बेल्टपॅकचे माइक बंद करा, मग टोन सोडा आणि परत येणारा आवाज कमीत कमी होईपर्यंत नलचा नॉब फिरवा. पुढे बेल्टपॅक वाढवले किंवा केबल बदलली तर नल पुन्हा करावं लागतं. ‘कालपर्यंत नीट होतं, आज घुमतंय’ यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

फ्लोअर मॅनेजरला वायरलेस लागतोच. २.४ गिगाहर्ट्झवर न्यूजरूमचं वाय-फाय आधीच दाटलेलं असतं. १.९ गिगाहर्ट्झचे डेक्ट (कॉर्डलेस फोनचं तंत्र) बेल्टपॅक बरे चालतात, पण घेण्याआधी त्या मॉडेलला भारतात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची (वायरलेस परवाने पाहणाऱ्या शाखेची) मान्यता आहे का ते बघा. परदेशातला बँड इथे चालेलच असं नाही. अँटेना एलईडी वॉलच्या मागे लावू नका. आयपीवर, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवरून आवाज नेण्याकडे, जायचं असेल, पद्धत डान्टे असो वा एईएस६७, तर वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) घ्या आणि स्विचमधलं वीज वाचवणारं इथरनेट सेटिंग बंद करा, नाहीतर क्लॉक (उपकरणांचा वेळेचा ताल) डळमळतं आणि आवाजात टिकटिक येते.

पॅनलच्या बटणांवर माणसांची नावं टाकू नका, जागांची टाका. शिफ्ट बदलली तरी ‘कॅमेरा २’ तोच राहतो. एकदा दाबलं की चालू राहणारी बटणं शक्य तितकी कमी ठेवा, नाहीतर एका विसरलेल्या माइकमधून पीसीआरची सगळी कुजबुज लाइनवर येते.

मॅट्रिक्सचे दोन पॉवर सप्लाय वेगवेगळ्या यूपीएसवर घ्या, आणि कॉन्फिगरेशनची प्रत मॅट्रिक्सच्या बाहेर ठेवा. शिवाय प्रोड्यूसर, फ्लोअर आणि एमसीआर यांच्यामध्ये एक साधी टू-वायर लाइन मॅट्रिक्सला न जोडता स्वतंत्र ठेवा. ती महिन्यातून एकदा, मॅट्रिक्स बंद करून, दोन बुलेटिनमधल्या रेकॉर्डेड कार्यक्रमाच्या वेळेत तपासा.